सरकी आणि काकांचं लोशन

घरात येणारी प्रत्येक वस्तू काका आधी उलटी करत. बिस्किटाचा पुडा असो, हळदीचं पाकीट असो की माझ्या शांपूची बाटली असो, ती डोळ्यांपासून हातभर लांब धरायची आणि मागचं बारीक अक्षर मोठ्यानं वाचायचं. मध्येच एखादा लांबलचक इंग्रजी शब्द आला की ते थांबत, चष्म्यावरून माझ्याकडे बघत आणि म्हणत, "ज्याचं नाव तोंडात मावत नाही, थे पोटात काहून घालायचं?"

शांपू पोटात घालायचा नसतो, हे मी एकदा सांगून पाहिलं.

"डोक्यातून आतच जाते थे," काका म्हणाले आणि बाटली माझ्या हातात अशी ठेवली, जशी कुणी दुसऱ्याच्या घरातली मेलेली पाल परत करावी.

मी मूळची अमरावतीची. बँकेत बदली झाली म्हणून अकोल्याला आले आणि जठारपेठेत काकांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहू लागले. खाली काका-काकू, वर मी, आणि जिन्याखालच्या कोनाड्यात काकांचा कारखाना. तिथं बरण्या, गाळण्या, एक दगडी खल आणि कशाकशाचा मिळून एक उग्र वास होता. दात घासायला कडुनिंबाची काडी, अंगाला रिठा आणि मुलतानी माती, डोक्याला करंजाचं तेल. संध्याकाळी डास घालवायला ते गोवरीवर कडुनिंबाचा पाला जाळत. डास घराबाहेर जात की नाही ते कळायला मार्ग नव्हता, मी मात्र जात असे. धूर ओसरल्यावर डोळे चोळत परत आले की काका समाधानानं विचारत, "पाह्यला का असर?"

त्यांचा कुठलाही वाद एका शब्दावर येऊन थांबे. नैसर्गिक. तो शब्द उच्चारला की त्यांच्या मते पुढे बोलण्यासारखं काही उरतच नसे. काकूंना मात्र उरे. त्या भाजी निवडता निवडता म्हणत, "धोतराही नैसर्गिकच हाये. वाटून देऊ का चटणी?" काका ते ऐकलं न ऐकलंसं करून जिन्याखाली निघून जात.

तत्त्व कडक असलं तरी त्याला खिडक्या होत्या. सकाळी रक्तदाबाची गोळी काका न चुकता घेत, तुळशीच्या पानात गुंडाळून. मी एकदा हसले तेव्हा म्हणाले, "हे औषध नोहे. हे सवय हाये." उन्हाळ्यात अकोल्याची भट्टी पेटली की कूलर दिवसरात्र चाले, कारण त्यात वाळा होता आणि पाणी होतं, आणि दोन्ही नैसर्गिक. मोबाईल तर हातातून सुटतच नसे. सकाळी उठल्याबरोबर ते चाळीसेक लोकांना कारल्याचे, मेथीचे आणि उपाशीपोटी तांब्यातलं पाणी पिण्याचे फायदे पाठवत आणि मग जिन्यावरून मला हाक मारत, "पोरी, वाचलं का?"

आणि हेच काका पातूरला कितीतरी वर्षं कृषी सेवा केंद्र चालवत होते.

बोंडअळीचं औषध, तुडतुड्यांचं औषध, तणनाशक, बियाण्याला चोळायची पूड, सगळं त्यांच्या दुकानात मिळे. त्या औषधांची नावं त्यांना अजून तोंडपाठ होती. कुणी जुना गिऱ्हाईक भेटला तर तोंडात न मावणारे तेच इंग्रजी शब्द ते एका दमात म्हणत, मात्रेसकट. एकदा मी विचारलं, "काका, तेव्हा बरे मावायचे हे शब्द तोंडात?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नळ चालू राहिलाय का बघायला परसात गेले. नळ बंद होता. ते पुष्कळ वेळ आले नाहीत.

चांगलं चाललेलं दुकान त्यांनी का बंद केलं, याची मला गल्लीत वेगवेगळी कारणं ऐकायला मिळाली. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली, मागे बघणारं कुणी नाही, हे एक. डोक्यात नैसर्गिकचं वारं शिरलं, हे दुसरं. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्याईलेच इचार." मी विचारलं नाही.

सरकी त्या घरात माझ्यानंतर आली. पांढरीशुभ्र मांजर, पाठीवर करडे ठिपके, कापसाला सरकी चिकटून राहिल्यासारखे. म्हणून ते नाव. ती परसातल्या भिंतीवरून उतरली, कूलरच्या वाऱ्यात बसली आणि परत गेली नाही. काका पहिल्या दिवशी म्हणाले, "मांजर घरात नको. केस पडतात." आठवड्याभरात ते गवळ्याला तिच्या वाटणीचं दूध वेगळं घालायला सांगू लागले, पिशवीतलं तिच्या पोटाला बरं नाही म्हणून. दुपारी काका पाठीवर पडले की सरकी त्यांच्या छातीवर चढून झोपे. मग तासभर काका हलत नसत. फोन वाजला तर काकूंना नुसत्या डोळ्यांनी खुणावत. काकू फोन उचलून सांगत, "त्याईच्या आंगावर मांजर झोपली हाये. नंतर करा."

आणि मग सरकीला पिसवा झाल्या.

आधी मला कळलं. माझ्या पायांच्या घोट्यांभोवती लाल पुळ्या उठल्या, रांगेनं, एखाद्यानं सुई घेऊन टाका घालावा तशा. काका म्हणाले, "तुह्यं रक्त गरम हाये." मग काकूंना उठल्या. शेवटी काकांच्या छातीवर, नेमक्या सरकीच्या मापाच्या जागेत. तेव्हा कुठं त्यांनी तिच्या मानेवरचे केस मागं सारून पाहिले. आत काळे बारीक जीव पळत होते.

"जनावरांच्या डॉक्टरला दाखवू या," मी म्हटलं.

"डॉक्टर काय करन? केमिकलचा थेंब टाकन मानेवर. थे तिच्या रक्तात जाईन. मंग तेच मांजर माह्या छातीवर झोपन. माणसानं इचार करा."

"पण लोक टाकतातच ना."

"लोक काहीही टाकतात. म्या पाह्यलं हाये लोक काय काय टाकतात थे." हे म्हणताना त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

मग नैसर्गिक उपाय सुरू झाले. लिंबं उकळून त्या पाण्यानं अंघोळ घातली. सरकी शेजाऱ्यांच्या पत्र्यावर जाऊन बसली आणि अंधार पडेपर्यंत उतरली नाही. लसूण ठेचून दुधात घातला. तिनं वाटी हुंगली, काकांकडे पाहिलं आणि शेपटी ताठ करून निघून गेली. हळद चोळली. पिसवा होत्या तशाच राहिल्या, पण पांढरी मांजर पिवळी झाली आणि लग्न ठरल्यासारखी घरभर मिरवली. प्रत्येक वेळी काका म्हणत, "उपाय बरोबर हाये. मांजरच साथ देत नाही."

काकू मात्र एक बारीक दातांची फणी घेऊन रोज सकाळी ओट्यावर बसत आणि सरकीला विंचरत. फणीत आलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवत. तिच्या झोपायच्या गोधडीला उकळतं पाणी घालून उन्हात टाकत. त्यानं खरोखर फरक पडत होता. पण त्यात काही शोध लावल्यासारखं नव्हतं, त्यामुळे काकांच्या हिशेबी तो उपायच नव्हता.

लोशनचा जन्म असा झाला. निंबोळीचं तेल, त्यात विरघळवलेला कापूर, निलगिरीचं तेल आणि वरूडहून आणलेल्या संत्र्यांच्या सालींचा अर्क. जिन्याखालून असा वास येऊ लागला की माझ्याकडे आलेली मैत्रीण म्हणाली, घरात कुणाचं छातीचं दुखणं आहे का. काकांनी ते आधी स्वतःच्या हाताला चोळलं आणि दोन दिवस हात सगळ्यांना दाखवत फिरले. काही झालं नव्हतं. मग जठारपेठेतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे एका निवृत्त हेडमास्तरांनी, ते गुडघ्याला लावून पाहिलं आणि म्हणाले की जिना चढताना कळ येत नाही. झालं. लोशनला मागणी आली. कुणाला पाठीसाठी, कुणाला डासांसाठी, कुणाला घरातल्या कुत्र्यामांजरांसाठी. काका बाटल्या भरून मोफत वाटू लागले. बाटलीवर चिठ्ठी चिकटवलेली असे: "संपूर्ण नैसर्गिक. सर्वांसाठी." किती लावायचं, किती वेळा लावायचं, कुणाला लावायचं नाही, यातलं काही त्यावर नसे.

"काका, मात्रा लिहा ना," मी म्हटलं.

"नैसर्गिकले मात्रा कायची? कितीही लावा, काही होत नाही."

मग मंडळानं त्यांना व्याख्यानाला बोलावलं. विषय होता 'रसायनमुक्त घर'. काका महिनाभर दुसरं काही बोलले नाहीत. त्यांनी ठरवलं की नुसतं बोलायचं नाही, दाखवायचं. सरकीला न्यायचं आणि सर्वांसमोर विंचरून एकही पिसू नाही हे सिद्ध करायचं. त्यासाठी रविवारी सकाळी त्यांनी तिला नखशिखान्त लोशन चोळलं. तोवर ते तिच्या शेपटीला नि मानेला बोटभर लावत, तेही ती पळून जायच्या आत. त्या दिवशी काकूंची आंघोळ होईपर्यंत त्यांनी काम उरकून घेतलं होतं. सरकी तेलानं निथळत होती आणि अंग चाटत होती.

"एवढं काहून लावलं?" काकूंनी विचारलं.

"सभेत चमकली पायजे."

टोपलीत घालून सरकीला न्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझ्या मांडीवर ती शांत बसे. सभागृहात पंखे घरघरत होते. पंचवीसेक आजी-आजोबा, पुढं टेबल, त्यावर प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ. अध्यक्षांनी काकांची ओळख करून देताना त्यांना 'निसर्गऋषी' म्हटलं, शाल आणि नारळ दिला आणि आपला गुडघा दोनदा वाकवून दाखवला. टाळ्या झाल्या. प्लॅस्टिकच्या कपांतून चहा आला, बरोबर बिस्किटं. काकांनी दोन्हीला हात लावला नाही, आणि तेही सगळ्यांना दिसेल अशा बेतानं.

बोलायला ते चांगले होते. फरशी पुसायच्या औषधापासून टूथपेस्टपर्यंत एकेकाचे त्यांनी धिंडवडे काढले. मी पहिल्या रांगेत टोपली मांडीवर घेऊन बसले होते. सरकी आधी उठायची धडपड करत होती. मग तिनं ती सोडली. मला वाटलं, पंख्याच्या वाऱ्यानं झोप आली असेल. तेवढ्यात काकांनी खूण केली. मी टोपली टेबलावर ठेवली. त्यांनी सरकीला अलगद बाहेर काढून टेबलावर उभं केलं.

ती उभी राहिली नाही. मागचे पाय पसरले आणि ती पोटावर बसली. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. डोळे उघडे होते.

"पाहा," काका म्हणाले, "एरवी ह्या मांजरीले धरून ठेवावं लागते. लोशन लावल्यावर कशी शांत झाली. त्रासच नाही उरला आंगात."

सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. अध्यक्ष टाळी वाजवू लागले, मग बाकीच्यांनीही वाजवली. काकांनी फणी घेतली आणि तिच्या पाठीवरून फिरवली. फणीखाली सरकीचं सगळं अंग बारीक थरथरत होतं. काकांच्या लक्षात यायला हवं होतं. त्यांचं लक्ष फणीच्या दातांकडे होतं. "एक पिसू नाही," ते म्हणाले आणि फणी सर्वांना दिसेल अशी वर धरली.

मागच्या रांगेतून काकू उठल्या. त्या सरळ टेबलापाशी आल्या आणि सरकीच्या पोटाखाली हात घातला.

"शांत नाही झाली थे," काकू म्हणाल्या. "मरून राहिली."

टाळ्या एकेक करत थांबल्या. काका फणी तशीच वर धरून उभे होते. काकूंनी त्यांच्या खांद्यावरची मानाची शाल ओढून काढली, सरकीला तिच्यात गुंडाळलं आणि मला म्हणाल्या, "चाल." अध्यक्षांनी मागून विचारलं की आभारप्रदर्शन आत्ता करायचं की नंतर. तोवर आम्ही दाराबाहेर होतो आणि काका आमच्यामागं येत होते.

ओळखीच्या एका डॉक्टर बाईंचा दवाखाना जवळच होता. त्या मूळच्या बार्शीटाकळीच्या, आमच्या बँकेत येत म्हणून मी त्यांना ओळखत होते. रविवार असूनही फोन केल्यावर त्या आल्या. सरकीला हुंगून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काय लावलं?"

काका सांगू लागले. निंबोळी, कापूर, निलगिरी, संत्र्याची साल. प्रत्येक नावामागं ते सवयीनं 'नैसर्गिक' जोडत होते. तिसऱ्या नावानंतर तो शब्द त्यांच्या तोंडून निघेना.

डॉक्टर बाईंनी आधी भांडी घासायच्या साबणानं कोमट पाण्यात सरकीला पुन्हा पुन्हा धुतलं, तेल निघेपर्यंत. मग टॉवेलात गुंडाळून गरम पाण्याच्या बाटल्या बाजूला ठेवल्या, पायाला सलाईन लावलं, थरथर थांबवायचं इंजेक्शन दिलं. हात चालू असतानाच त्या बोलत होत्या. रागानं नाही, पण थांबतही नव्हत्या. माणसाच्या यकृताला जे पचतं ते मांजराच्या यकृताला पचत नाही. कापूर, निलगिरी, संत्र्यालिंबाचं तेल, ही तिला विषं आहेत. कातडीतून आत जातात, आणि ती दिवसभर अंग चाटते म्हणून पोटातूनही जातात. लसूण दिला होता का? तिनं खाल्ला नाही हे तिचं नशीब, त्यानं रक्त बिघडतं.

"पण माह्या हातावर काही झालं नाही," काका म्हणाले. आवाज पार खाली गेला होता.

डॉक्टर बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "काका, तुमचं दुकान होतं ना पातूरला? माझे वडील यायचे तुमच्याकडे. समजा कोणी विचारलं असतं, कपाशीचं औषध हरभऱ्यावर मारू का, तर काय सांगितलं असतं?"

"लेबल पाह्य म्हटलं असतं. पीक कोणतं, मात्रा किती."

"मग मांजर हे वेगळं पीक आहे, असं समजा."

"म्हणजे आता केमिकलच टाकायचं ना?" काकूंनी विचारलं.

"मांजरासाठी केलेलं, तिच्या वजनाचं, मी देईन तेच. बाजारात कुत्र्याच्या पिसवांचे थेंब मिळतात. ते घातले तर त्यानंही मांजर मरतं. बाटलीवर काय लिहिलंय ते महत्त्वाचं, बाटली कुठून आली ते नाही."

आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. काकू आत सरकीपाशी थांबल्या. दवाखान्यासमोरच्या बाकावर काका आणि मी. ऊन चढलं होतं. काकांच्या हातात ती फणी अजून होती. ते बराच वेळ तिच्या दातांवरून अंगठा फिरवत राहिले, आणि मग मी न विचारताच बोलायला लागले.

पातूरजवळच्या एका गावचा एक माणूस त्यांचा नेहमीचा गिऱ्हाईक होता. स्वतःची जमीन होती, कामाला हात चालणारा होता. एका वर्षी कपाशीवर कीड फार होती. त्यानं दुकानात येऊन विचारलं, दोन औषधं वेगवेगळी मारायला वेळ नाही, एकत्र करून मारू का. लेबलवर एकत्र करू नका असं लिहिलं होतं. दुकानात गर्दी होती.

"म्या त्याले म्हटलं, मार, काही होत नाही." काका समोरच्या रस्त्याकडे बघत होते. "त्यानं दुपारच्या उन्हात मारलं. तोंडाले फडकं नाही. संध्याकाळपर्यंत दवाखान्यात नेलं. वाचला. पण डोळ्याची नजर गेली, धूसरच दिसते त्याले अजून. म्या पाह्यले गेलो तं मलेच चहा पाजला. म्हणे, शेठ, तुमी काहून तकलीफ घेतली. एक शब्द बोलला नाही मले. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

"तवापासून दुकानात बसलो नाही. मले वाटलं औषधच वाईट. केमिकल घरातून काढलं का सुटलो. तू मात्रा लिहा म्हटलं तवा काय म्हटलं म्या? कितीही लावा, काही होत नाही. तेच तं म्हटलं होतं त्यालेही."

ते उठले आणि दाराशी जाऊन काचेतून आत पाहू लागले. त्यांचा श्वास काचेवर उमटत होता आणि ते बाहीनं पुसून पुन्हा बघत होते.

सरकी वाचली. तिला दोन रात्री तिथंच ठेवलं. घरी आली ती अर्धी झाली होती. काकांना पाहताच ती कूलरमागं गेली. जिन्याखालच्या कोनाड्याजवळून जायची वेळ आली तर भिंतीला अंग घासत, पळत जायची. दुपारी काका सवयीनं पाठीवर पडत. ती काकूंच्या पायाशी झोपे. काका आढ्याकडे बघत पडून राहत. फोन वाजला की आता स्वतः उठून घेत.

काकांनी जिन्याखालचा कारखाना एका सकाळी धुऊन काढला. मग वाटलेल्या बाटल्या परत आणायला निघाले. मी त्यांच्याबरोबर गेले, कारण त्यांना ते एकट्यानं करवत नव्हतं. आम्हाला वाटलं होतं, सभेत जे घडलं त्यानंतर लोकांनी त्या केव्हाच फेकल्या असतील. उलट झालं. टाळ्या वाजवणाऱ्या निम्म्या लोकांच्या मते मांजरीला आधीचा काहीतरी आजार होता. एका आजींनी दारातूनच सांगितलं की त्यांची बाटली संपत आलीय, दुसरी कधी देता.

"तुमच्या घरी मांजर हाये?" काकांनी विचारलं.

"हाये ना. तिलेच लावतो."

काकांनी दारात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कापूर काय करतो, निलगिरी काय करते, मांजराचं यकृत काय करत नाही. हेच ते काका, ज्यांनी महिन्याभरापूर्वी त्याच दारात उलटं सांगितलं होतं. आजी शेवटपर्यंत ऐकून म्हणाल्या, "पण तुमीच तं म्हणे नैसर्गिक हाये." काका म्हणाले, "म्या चुकलो. बाटली द्या." आजींनी दिली, पण त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, त्यांना वाटत होतं की आता काका हे लोशन विकायला काढणार असतील.

अध्यक्षांनी तर सरळ नकार दिला. गुडघ्याला गुण येत होता. "मांजर मांजर आहे," ते म्हणाले. "मी माणूस आहे. मी काही गुडघा चाटत नाही." काकांनी विचार केला. मग खिशातून पेन काढलं, त्यांच्या बाटलीवरची चिठ्ठी फाडली आणि नव्या चिठ्ठीवर सावकाश, बारीक अक्षरात लिहिलं: फक्त गुडघ्यासाठी, थोडं, दिवसातून एकदा, मांजर-कुत्र्यापासून आणि लहान मुलांपासून लांब, डोळ्याला लागू देऊ नये. चिठ्ठी पुरेना म्हणून मागच्या बाजूलाही लिहिलं. अध्यक्ष म्हणाले, "एवढं वाचून भीतीच वाटते राव." काका म्हणाले, "वाटू द्या."

डॉक्टर बाईंनी सांगितलेल्या दिवशी त्यांनी दिलेले पिसवांचे थेंब घरीच घालायचे होते. काकांनी मला रजा घ्यायला लावली. खालच्या खोलीची दारं-खिडक्या लावल्या, कारण थेंब सुकेपर्यंत तिनं कुठं जाऊ नये. सरकीला काकूंनी धरलं. मानेवर, जिथं तिची जीभ पोचत नाही तिथं, केस दोन बोटांनी बाजूला करून काकांनी ती छोटी नळी दाबली. एवढासा थेंब. काकूंनी सरकीला सोडलं, ती कपाटाखाली गेली.

काका कपाटासमोर जमिनीवर बसले. सकाळचं जेवण झालं नव्हतं. काकूंनी दोनदा हाक मारली, ते नुसतं हूं म्हणाले. दर थोड्या वेळानं खाली वाकून बघायचे. लाळ नाही. थरथर नाही. दुपार कलली. मी बाजूला बसून माझे घोटे खाजवत होते.

"चार तास झाले असतील," मी म्हटलं. "आता काही होणार नाही."

"असं म्हणू नको," काका म्हणाले.

मग सरकी बाहेर आली. आळस दिला, मागचे पाय एकेक करून ताणले आणि काकांच्या मांडीला वळसा घालून, अंग न लावता, स्वयंपाकघरात गेली. काकूंनी तिच्या वाटीत दूध ओतलं. चाटल्याचा आवाज खोलीत आला. काका ऐकत बसले. वाटी रिकामी होऊन फरशीवर सरकल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी भिंतीला धरून उठायचा प्रयत्न केला आणि पाय बधिर झाल्यामुळे पुन्हा बसले.

"वाढ," ते काकूंना म्हणाले. "भूक लागली."